१, १६, ३८, ५५

हे चार आकडे ‘द बगल्स’ या इंग्रज बँडचे. ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या तक्त्यात त्यांचं कोणतं गाणं कुठवर चढलं, त्याचे. ऑक्टोबर १९७९ मध्ये ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८० उजाडलं आणि ‘द प्लॅस्टिक एज’ १६ वर अडलं. त्यानंतरचं ‘क्लीन, क्लीन’ ३८ वर. वर्ष सरता सरता आलेलं ‘एल्स्ट्री’ ५५ वर. अमेरिकेत तर त्यांचं ते पहिलं, गाजलेलं गाणंसुद्धा ४० च्या वर सरकलं नाही.

तक्ता बघणारा म्हणेल, संपले.

वसई-विरारमध्ये घरच्या घरी गाणी करणाऱ्या प्रत्येक पोराने आणि पोरीने हे चार आकडे पाठ करावेत, म्हणून या आठवड्याची जागा त्यांना दिली आहे. आमच्याकडे ५५ पर्यंत जायचीही कुणी वाट बघत नाही. पहिलं गाणं यूट्यूबवर चाललं आणि दुसऱ्याला व्ह्यूज आले नाहीत, की माइक कपाटात जातो.

ओळखीतला एक मुलगा आहे. त्याने आजीच्या तोंडची लग्नातली चाल घेतली, त्यात कादोडी बोलीतले नवे शब्द बसवले, मागे गिटार ठेवली. ते गाणं नंदाखालपासून गासपर्यंत घराघरांतल्या मोबाइलवर फिरलं. त्याचं दुसरं गाणं पहिल्याहून चांगलं होतं, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं. ते फिरलं नाही. घरचे म्हणाले, ‘बाबा, आता नोकरीचं बघ.’ तिसरं गाणं झालंच नाही. त्याला कुणी वाईट म्हटलं नव्हतं. एका आकड्याने त्याला गप्प केलं.

आता त्या ५५ वाल्यांचं पुढे काय झालं ते बघा. बगल्स म्हणजे तेव्हा दोनच माणसं, ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स. पंक संगीताचा धुरळा खाली बसत असताना सिंथेसायझर घेऊन जी ‘न्यू वेव्ह’ लाट आली, तिच्यातले हे दोघे. डाउन्सने पुढे इतरांबरोबर ‘एशिया’ नावाचा बँड उभा केला. १९८२ मध्ये त्या बँडचा पहिलाच अल्बम अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर बसला. हॉर्न निर्माता झाला. १९८४ च्या जानेवारीत त्याने घडवलेलं ‘येस’ या बँडचं ‘ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट’ अमेरिकेत पहिलं आलं. त्याच वर्षी ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’ची त्याने घडवलेली ‘रिलॅक्स’ आणि ‘टू ट्राइब्ज’ ही दोन गाणी ब्रिटनमध्ये पहिली आली. ५५ व्या क्रमांकावरून तिथवर यायला चार वर्षंही लागली नाहीत. १९८० च्या शेवटी कुणी हॉर्नच्या घरी जाऊन ‘बाबा, आता नोकरीचं बघ’ म्हटलं असतं आणि त्याने ऐकलं असतं, तर ही गाणी झाली नसती.

आणि मुळात १६ म्हणजे काय हो? त्या आठवड्यात अख्ख्या देशात विकल्या गेलेल्या सगळ्या गाण्यांत सोळावं. याला पडणं म्हणायचं?

त्या पहिल्या गाण्याचं पुढे काय झालं, तेही तक्त्यात नाही. १ ऑगस्ट १९८१ ला मध्यरात्र उलटताच अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. त्या वाहिनीने सर्वांत पहिला लावलेला व्हिडिओ याच गाण्याचा. म्हणजे अमेरिकेच्या तक्त्यात चाळिसावं आलेलं गाणं अमेरिकेतल्या टीव्ही संगीताचं पहिलं पान ठरलं.

इकडे आपल्याकडे डिसेंबर १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ आला. मिथुन चक्रवर्ती, दिग्दर्शक बब्बर सुभाष, संगीत बप्पी लाहिरी. त्यात उषा उथुप आणि बप्पीदांनी गायलेलं ‘कोई यहाँ नाचे नाचे’ आहे. त्यातलं ‘आऊवा आऊवा’ ज्याने एकदा ऐकलं त्याच्या डोक्यातून ते जात नाही. ती चाल बगल्सची. पडद्यावर नाव एकट्या बप्पी लाहिरींचं. हॉर्न, डाउन्स आणि त्यांच्याबरोबर ते गाणं रचणारा ब्रूस वूली, तिघांपैकी कुणाचंही नाव नाही.

बप्पीदांवर माझं प्रेम आहे. विरारहून लोकल पकडून नशीब काढायला गेलेल्या आमच्या गोविंदाच्या पहिल्या चित्रपटाला, १९८६ च्या ‘इल्जाम’ला, त्यांचंच संगीत होतं. त्या काळात आमची आळीच्या आळी त्यावर नाचली आहे. तरीही सांगतो, चाल घेतली आणि नाव दिलं नाही, हे चूकच होतं. आवडत्या माणसाने केलं म्हणून ते बरोबर होत नाही.

काळाने हा हिशेब विचित्र रीतीने पुरा केला. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ बिलबोर्डच्या तक्त्यात नवव्या क्रमांकावर पोचलं. त्याच्या पोटात लताबाईंचा आवाज होता. १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटातलं ‘थोडा रेशम लगता है’, संगीत बप्पी लाहिरी. त्यांना ना विचारलं होतं, ना त्यांचं नाव छापलं होतं. बप्पीदा आणि रेकॉर्ड कंपनी कोर्टात गेले. फेब्रुवारी २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने सांगितलं, बप्पी लाहिरींचं नाव छापा, नाहीतर सीडी विकू नका. ज्या माणसाने दुसऱ्याचं नाव गाळलं होतं, त्यालाच आपल्या नावासाठी सातासमुद्रापार भांडावं लागलं आणि तो जिंकला. बरं झालं जिंकला. नाव मिळालंच पाहिजे. सगळ्यांना मिळालं पाहिजे.

*

मग गाण्याची खरी मोजदाद कुणी करायची?

१४ नोव्हेंबर १९५२ ला लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने ब्रिटनमधला पहिला तक्ता छापला. पद्धत साधी होती. पर्सी डिकिन्स नावाच्या माणसाने वीसेक दुकानांना फोन लावले, या आठवड्यात काय जास्त विकलं गेलं ते विचारलं, आणि बारा क्रमांकांची यादी केली.

तीन आठवडेही झाले नव्हते, ३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. त्याच वर्षी नभोवाणी खातं आपल्या बाळकृष्ण केसकरांकडे आलं होतं. सिनेमाच्या गाण्यांचा त्यांना तिटकारा. आकाशवाणीवर ती गाणी जवळजवळ बंद झाली आणि देशभरचा श्रोता कोलंबोकडे वळला. अमीन सयानींनी पायदान, बिगुल, सरताज गीत हे सगळं त्या श्रोत्याला दिलं. रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची पत्रं यांवरून क्रमांक ठरायचे. त्या पद्धतीत खोट असेल. झुमरी तिलैयाच्या लोकांनी पत्रांचे ढीग पाडले, हे तर जगजाहीर आहे. पण त्या पत्रामागे शाईने बोटं भरवून घेणारा, टपालाचे पैसे मोजणारा एक जिता माणूस होता. २० फेब्रुवारी २०२४ ला सयानी गेले तेव्हा माझ्या पिढीला घरातलंच माणूस गेल्यासारखं वाटलं.

मात्र गीतमाला हिंदी सिनेमाची. मराठी गाण्यासाठी अख्खा महाराष्ट्र श्वास रोखून ऐकत बसेल असा आठवड्याचा तक्ता कधी झाला नाही. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ होती. तिच्यात फरमाईश करणाऱ्यांची नावं गावासकट वाचली जायची आणि आपलं नाव ऐकू आलं की घरात आरडाओरडा व्हायचा. पण त्या फरमाइशींची बेरीज कुणी केली नाही. वसईच्या कुठल्या गावाने वर्षभर कोणतं गाणं मागितलं, हे त्या कागदांबरोबर गेलं. याची मला मनापासून खंत वाटते. सिनेमाच्या गल्ल्याचे आकडे आपण जपले, भावगीत आणि कोळीगीताचे जपले नाहीत.

आता सगळं मोजलं जातं असं म्हणतात. काय मोजलं जातं ते बघू.

जून २०२१ मध्ये भारतीय रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने देशातला अधिकृत साप्ताहिक तक्ता मोठ्या थाटात सुरू केला. वीस गाण्यांचा. त्यात फक्त परदेशी गाणी घेतात! भारतातल्या श्रोत्यांनी ऐकलेली, पण परदेशी. मुंबईत बसून देशाचा तक्ता काढायचा आणि त्यात देशातलं गाणं घ्यायचं नाही. या संघटनेला माझा सरळ प्रश्न आहे: मराठी, भोजपुरी, गुजराती, पंजाबी गाण्यांचा तपासता येईल असा तक्ता तुम्ही का काढत नाही? नालासोपाऱ्याच्या एका चाळीत या चारही भाषा एका जिन्यावर ऐकू येतात.

आणि यूट्यूब? जुलै २०१९ मध्ये बादशाहच्या ‘पागल’ गाण्याला एका दिवसात साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा गाजावाजा झाला. मग कळलं, जाहिराती विकत घेऊन ते व्ह्यूज आणले होते. बादशाहने ते लपवलंही नाही. सगळेच करतात, असं त्याचं म्हणणं. त्याच सप्टेंबरात यूट्यूबने नियम बदलला: पैसे मोजून दाखवलेल्या जाहिरातीचे व्ह्यूज संगीताच्या तक्त्यात धरले जाणार नाहीत. म्हणजे तोवर धरले जात होते. आणि आजही गाण्याखाली दिसणाऱ्या आकड्यात कुणी स्वतःहून लावलेलं किती आणि जाहिरातीतून आलेलं किती, हे बघणाऱ्याला कळत नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

हे दुखणं नवं नाही. ब्रिटनमध्ये तक्त्यासाठी ठरावीक दुकानांची विक्री धरायचे, तेव्हा कंपन्यांची माणसं ती दुकानं हुडकून काढत आणि आपल्याच रेकॉर्डी विकत घेत. ‘न्यू ऑर्डर’चं ‘ब्लू मंडे’ १९८३ मध्ये आलं. सात मिनिटांहून मोठं गाणं, बारा इंची तबकडीवर. पहिल्या फेरीत १२ पर्यंत, शरद ऋतूत ९ पर्यंत. आजवर सर्वांत जास्त विकली गेलेली बारा इंची तबकडी तीच. आणि तिला तेव्हा सोनेरी तबकडीचा मान मिळाला नाही, कारण ती काढणारी ‘फॅक्टरी’ कंपनी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची सभासद नव्हती. दुकानात माणसं रांग लावून घेत होती, पण सभासदत्वाचा कागद नव्हता.

‘अल्ट्राव्हॉक्स’चं ‘व्हिएन्ना’ १९८१ मध्ये चार आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. एक आठवडा जॉन लेननच्या गाण्यामागे, बाकीचे तीन जो डॉल्चे नावाच्या माणसाच्या एका थिल्लर विनोदी गाण्यामागे. तीसेक वर्षांनी बीबीसीने आणि तक्ता काढणाऱ्या संस्थेने श्रोत्यांना विचारलं, दुसऱ्या क्रमांकावर राहिलेलं कोणतं गाणं पहिलं यायला हवं होतं? लोकांनी ‘व्हिएन्ना’ म्हटलं. तीस वर्षं त्यांच्या मनातून ते गेलं नव्हतं. असं मत आम्हाला कोण विचारणार?

*

आमच्याकडे खरोखर काय वाजतं ते ऐकायचं तर सकाळच्या विरार-चर्चगेट गाडीत भजनी मंडळाच्या डब्यात चढा. टाळ पिशवीतून निघतात, मृदंगाची जागा डब्याचा पत्रा घेतो, आणि वसई यायच्या आत आवाज टिपेला पोचतो. तिथे एखादी नवी चाल रुजली, की पंधरा दिवसांत ती दुसऱ्या गाडीतही ऐकू येते. पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात हळदीची रात्र पाहा. पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी वारली पाड्यांवर तारपा ऐका. पश्चिमेच्या ख्रिस्ती गावांत लग्नाचा ब्रास बँड मांडवाच्या दारात उभा राहतो तेव्हा म्हाताऱ्या बाया खुर्च्या सोडून उठतात. २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर माणसं असलेल्या या शहराचे कान असे भरतात. यातलं काही कुठल्याच तक्त्यात जात नाही.

बँजो पार्टी तर आमची जानच. बँजो जवळून पाहिलाय? गोल, चामडी तोंडाचा अमेरिकी बँजो वेगळा. आपला लांबट आणि लाकडी, वर टाइपरायटरची असावीत तशी बटणं, खाली तारा. डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातात नखी. मूळ जपानी वाद्य. नागोयाच्या गोरो मोरिताने १९१२ मध्ये ताइशोगोतो केलं, आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, मग कुणी त्याला वीज जोडली आणि ते वरातीत शिरलं. टेम्पोत जनरेटर, पुढे भोंगे, मागे ढोल-ताशा, बाजूला कॅसिओ आणि ऑक्टोपॅड. वाजवणाऱ्याच्या बोटांना चिकटपट्टी असते. तो गाण्याची एक ओळ वाजवतो आणि थांबतो. समोरच्या पाचपन्नास जणांनी पुढची ओळ घेतली तर गाणं चाललं. नाही घेतली तर दहा सेकंदांत त्याचा हात दुसऱ्या गाण्यावर जातो. याच्याहून कडक परीक्षा मला तरी माहीत नाही, आणि तिथे जाहिरात चालत नाही.

या परीक्षेत ‘आऊवा आऊवा’ अजून पास होतं. लंडनमध्ये रचलेलं, अमेरिकेत चाळिसावं, मुंबईत उचललेलं, ते आमच्या गल्लीत बँजोवर वाजतं आणि ज्यांचे आईबाप १९८२ मध्ये शाळेत होते ती पोरं त्यावर नाचतात. ‘झिंगाट’ पास होतं. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला, अजय-अतुलने थिएटरातल्या लोकांना खुर्चीवर उभं केलं, आणि तेव्हापासून त्याशिवाय एक हळद उरकलेली मी पाहिलेली नाही. आणि ‘गुलाबी साडी’ पास झालं. जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड, हाताशी सिनेमा नाही, मोठा निर्माता नाही. २०२४ च्या सुरुवातीला गाणं आलं आणि देशभरच्या मोबाइलवर वाजलं. २०२५ मध्ये त्याचं ‘शेकी’ आलं, तेही गाजलं. दोन गाण्यांच्या मध्ये त्याने केलेली सगळीच काही तेवढी चढली नाहीत. तो थांबला नाही, एवढंच मला आमच्या पोरांना दाखवायचं आहे.

*

मोजणीचा आग्रह मी हौसेने धरत नाही. मोजणीमागे पैसा आहे.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. राज्यसभेत जावेद अख्तरांनी तो विषय लावून धरला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, असं ठरलं. ते पैसे गोळा करून वाटणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. वाटप होतं ते वाजवल्याच्या नोंदीवरून. नोंद नाही तर वाटा नाही. रेकॉर्ड केलेल्या प्रत्येक गाण्याला बारा अक्षरा-आकड्यांचा एक ओळख क्रमांक घेता येतो, त्याला आयएसआरसी म्हणतात. तो नसेल तर कोणतं गाणं कुणाचं हे यंत्राला कळत नाही. आमच्याकडे कादोडी, वाडवळी, आगरीत गाणारी पोरं मोबाइलवर गाणं करतात, क्रमांक न घेताच सोडून देतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते आपल्या चॅनेलवर चढवतो.

लग्नाचं म्हणाल तर कायदा स्पष्ट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी, वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याची आठवण करून देणारी सूचनाही काढली. गोव्याने त्याच्या पुढे जाऊन २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. सूट हवीच. हळदीच्या मांडवात पावतीपुस्तक घेऊन कुणी येता कामा नये, आला तर पहिला विरोध मी करीन. पण अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यालगत रिसॉर्टवाले तिकीट लावून डीजे ठेवतात, तो धंदा आहे. तिथे दिवसभर वाजलेल्या गाण्यांची यादी लिहून ठेवायला कुणाचा हात दुखतो? त्या यादीत एक जरी स्थानिक गाणं असेल, तर ते करणाऱ्याच्या खात्यात चार पैसे जातील. आज ते पैसे आधीच वर बसलेल्यांकडे जातात.

नगरसेवकांनाही एक सांगायचं आहे. दहीहंडीला, नवरात्राला, क्रीडा महोत्सवाला तुम्ही बाहेरचा डीजे आणता, लाखांनी पैसे मोजता, आणि बॅनरवर त्याच्या गाण्याला किती कोटी व्ह्यूज ते छापता. तुमच्याच प्रभागात गाणं लिहिणारी पोरगी आहे. तिला अर्धा तास द्या. व्ह्यूज विचारू नका, गाणं ऐका.

तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू होईल. ख्रिस्ती गावांत नाताळ उरकला की जानेवारीत. बँड आणि बँजो पार्टीच्या मास्तरांना माझी विनंती आहे: एक वही ठेवा. तारीख, गाव, फरमाईश झालेली गाणी, वन्स मोर मिळालेली गाणी, आणि ज्याने केलं त्याचं नाव माहीत असेल तर तेही. गाणं तुमच्या गावच्या पोराचं असेल तर त्याला फोन करून सांगा, तुझं गाणं वाजलं म्हणून. यजमानाचं नाव लिहायची गरज नाही. हंगाम संपला की वह्या इकडे पाठवा. मे महिन्यात याच जागेवर वसई-विरारचा पहिला तक्ता छापू. किती लग्नं मोजली, कुठल्या गावची मोजली आणि कुठली राहिली, हेही तळाशी देऊ. ज्याला आकडा पटणार नाही त्याने येऊन वह्या तपासाव्यात. आणि यादी पहिल्या दहावर तोडणार नाही. पंचावन्नावं गाणंही छापू, करणाऱ्याच्या नावासकट.